उणा पौंड

नकाशात शोधू नका.
केंटकीच्या त्या टेकड्यांत दोन रस्ते एकमेकांना छेदतात
आणि तिथे काहीही लिहिलेलं नाही.

महापौर नव्हता, घरपट्टी नव्हती, वेस नव्हती.
गाव कुठून सुरू होतं विचारलं
तर आजोबा म्हणायचे,
"थ्रेलकेल्डचं कुत्रं भुंकायला लागतं तिथून."
कुत्री मेली, नवी आली,
तशी आमची हद्द मागेपुढे सरकत राहिली.

एसा थ्रेलकेल्ड आला तो खेचरावर,
मिठाची दोन पोती आणि एक पितळी तराजू घेऊन.
जायचं होतं पुढे कुठेतरी.
ओढ्याच्या उतारावर खेचर लंगडलं.
स्थापनेचा इतिहास म्हणाल तर एवढाच.

त्याच उतारावर एक वजन खडकावर आपटलं,
त्याचा टवका उडाला.
तेव्हापासून पंधरा औंसांचा पौंड.
मापात पाप होतं, सगळ्यांना ठाऊक होतं,
पण मीठ घेताना उणं, तसंच
जिनसेंगची मुळं देतानाही उणं,
रकूनची कातडी, मेण, वाळवलेली सफरचंदं,
सगळं त्याच वजनाला.
लुईव्हिलचा घाऊक व्यापारी पुरतं तोलून घ्यायचा,
तेव्हा मिठात कमावलेलं एसा मुळांत घालवायचा.
कोणी भांडलं नाही.
लोक म्हणायचे, चला, उण्या पौंडाला जाऊन येऊ.
नाव पडलं ते असं. कोणी ठेवलं नाही.

मग एक फिरता धर्मोपदेशक आला,
खोट्या वजनांवर दीड तास बोलला,
आणि निघताना त्याच तराजूवर तोलून कॉफी घेऊन गेला.
एसा हसला. त्याची बायको पर्मेलिया हसली नाही.
एसाला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी
ती ओढ्यात उतरली, परकर गुडघ्यापर्यंत खोचून,
पिठाच्या गिरणीतल्या खऱ्या काट्यावर
एकेक खडा ठेवून पाहिला,
आणि एक औंसाचा खडा घेऊन परत आली.
पुढे अठ्ठावन्न वर्षं
वजनाशेजारी तो खडा.
पौंड सोळा औंसांचा झाला.
नाव मात्र पंधरावरच राहिलं.

उधारीच्या वह्या माझ्याकडे आहेत.
ओडेल स्किल्स: रॉकेल, मैदा, शवपेटीचे खिळे, लहान.
त्यापुढे पानभर काही नाही.
मग वेगळ्या शाईत, पर्मेलियाच्या हातचं: फिटलं.
कशाने फिटलं, ते लिहिलेलं नाही.

पोस्टही होतं, दुकानाच्या कोपऱ्यात, बावीस खणांचं.
महामार्ग चार मैल पलीकडून गेला
आणि एका गुरुवारी पत्र आलं
की यापुढे पत्रं येणार नाहीत.
खणांत कोंबड्या बसू लागल्या.
लर्लीन आत्या म्हणायची, निदान त्या रोज काहीतरी टाकतात.

तिच्या मागे लिलाव झाला.
तराजू लेक्झिंग्टनच्या एका बाईने नेला,
म्हणे उपाहारगृहात टांगायला,
पारड्यांत वेली सोडून.
वजनंही गेली. खडा यादीत नव्हता.
म्हणजे तिकडे तो पुन्हा पंधरावर आला असणार.
वेलींना चालत असेल.

खडा माझ्या गाडीत असतो, सुट्ट्या नाण्यांच्या खणात.
मागच्या महिन्यात त्या बाजूने गेले.
दुकानाच्या जागी तंबाखूचा रिकामा गोठा,
त्याच्या पत्र्यावर कुणाचं तरी नाव, अर्धवट पुसलेलं.
रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.
झाडीमागून कुत्रं भुंकलं.
मी वेग कमी केला.